हिरवा ठिपका

७ जानेवारी

प्रिय घाईबाई,

भरभरून आशीर्वाद. तुझं जाडजूड पाकीट मिळालं. ते हातात देताना पोस्टमनने विचारलं, कोर्टाचं काही आहे का. म्हटलं, नाही हो, सुनेचे हुकूम आहेत. मी बरी आहे. गुडघा त्याच्या जागी आहे आणि त्याची कुरकुरही. तू वेळेवर जेवतेस का, हे विचारणार नाही, कारण तू खोटं सांगशील.

हे सगळं तू फोनवर सांगितलं असतंस तरी चाललं असतं, असं आधी वाटलं. मग म्हटलं, बरं केलंस. फोनवर आपण दोघी 'जेवलात का' आणि 'तिकडे थंडी पडली का' यांच्यापुढे जात नाही. मग कुणीतरी एक घसा खाकरतं आणि फोन ठेवला जातो. कागदावर मला बोलता येतं. तू इथे होतीस तेव्हाही आपलं कागदावरच जास्त जमायचं. वॉशिंग मशीनवर तू डकवलेली चिठ्ठी अजून आहे, 'आई, हे बटण दोनदा दाबू नका'. मी अजून दोनदाच दाबते.

तर म्हातारबुवांची, म्हणजे आपल्या जुन्या कॉम्प्युटरची, हकीकत. सकाळी बटण दाबलं की आधी घरघरतात, मग पंखा फिरतो, मग काळा पडदा, मग निळा पडदा, आणि मग नुसतं गोल गोल फिरत बसतात. तोवर मी चहा टाकते, पिते, कप विसळते, लोकरीचे गुंडे टोपलीत रंगाप्रमाणे लावते, आणि येऊन बघते तर हे अजून फिरतच आहेत. विणकामाच्या नमुन्याची फाइल उघडली की गळा आणि बाह्या सुखरूप होतात, छातीवरची नक्षी आली की हँग. तू तुझ्या लॅपटॉपवर शिकवलंस तसं मी एका टाक्याला एक चौकोन धरते. मोठ्या मापाच्या स्वेटरला किती चौकोन होतात ते तूच बघ. लोकरीच्या दुकानातली बाई म्हणते, "पूर्वीसारखं कागदावर काढा की." पण एकदा चटक लागल्यावर कोण कागदावर खाडाखोड करत बसणार.

खरं सांगायचं तर हे भंगारात देऊ का, एवढंच विचारायला मी फोन केला होता. तू एकदम म्हणालीस, "नको नको, आई. देऊ नका. काय करायचं ते मी लिहून पाठवते." गुडघ्याच्या ऑपरेशनलाही तू मला इतक्या तातडीने अडवलं नव्हतंस. मला जरा नवल वाटलं. मग म्हटलं, नवऱ्याची वस्तू आहे, जीव अडकलेला असणारच. माझ्या लेकाने, माझ्या कासवाने, पहिल्या नोकरीत हौसेने घेतलेलं मशीन. टेबलाच्या एका पायाखाली त्याने घडी करून ठेवलेला पुठ्ठासुद्धा तसाच आहे. तो जिन्यात कोसळला आणि गेला त्या सकाळी याच खुर्चीत बसून बूट घालत होता, एक बूट पायात आणि एक हातात. असो.

तुझी पानं मी टेबलावर ओळीने मांडली आणि चष्मा पुसून बसले. कचरा आधी काढला. तात्पुरत्या फाइली म्हणे. कसल्या तात्पुरत्या, वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून होत्या. कचऱ्याची टोपली रिकामी करण्याआधी आत डोकावले, तर तुझा एक फोटो सापडला, तोंड वाकडं केलेला. तूच टाकला असशील. मी परत बाहेर काढून ठेवला आहे, रागावू नकोस. मग नको असलेले प्रोग्राम काढले. छपाईयंत्राचा काढला, ते यंत्र केव्हाच गेलं. गाडी पळवण्याचा तो खेळ काढताना मात्र जिवावर आलं. आठवतं ना, तो त्यातही गाडी हळूच चालवायचा आणि मागच्या सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचा. तू चिडायचीस.

वीज वाचवण्याची सेटिंग बदलून पूर्ण ताकदीवर टाकली. एवढ्याने म्हातारबुवा थोडे हुशारले. मग आलं तुझं ते पान, 'दिखावा बंद करा'. चौकटींच्या सावल्या, सरकत येणाऱ्या याद्या, सगळ्यांच्या पुढच्या खुणा काढायच्या आणि दोन तेवढ्या ठेवायच्या, असं तू स्वच्छ लिहिलं होतंस. पण तुला माझा स्वभाव माहीत आहे. उसवायला घेतलं की मी अर्धं ठेवत नाही. एक रांग चुकली तर आख्खी पाठ उसवणारी बाई मी. म्हटलं, वेगच हवा ना, मग दोघींना कशाला सवलत. काढल्या सगळ्या.

आणि तिथेच फसले. अक्षरं तर करवतीच्या दातासारखी झालीच, ते एक वेळ चाललं असतं. पण फोटोंची फाइल उघडली तर एकही चेहरा नाही. सगळीकडे तेच ते एक चित्र, डोंगर आणि सूर्य, रांगच्या रांग. त्याचा शाळेतला, तुमच्या लग्नातला, समुद्रावरचा, सगळ्यांच्या जागी डोंगर आणि सूर्य. मला वाटलं पुसले गेले. मी चपला न घालता कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याकडे गेले. तो चष्मेवाला, ज्याला तू 'शंकासूर' म्हणायचीस, तो. हातातलं काम टाकून आला बिचारा. त्याने एका जागी खूण केली आणि सगळे चेहरे परत आले. म्हणाला, "काकू, फोटो कुठे जात नाहीत. वेग वाढावा म्हणून मशीन चेहरे दाखवायचं थांबतं, एवढंच." मी खुर्चीत बसून रडले. तो दुसरीकडे बघत वायर गुंडाळत राहिला.

मग त्याने तुझी पानं चाळली. म्हणाला, "काम चोख आहे. पण सुरुवातीचं पान कुठाय?" मी म्हटलं, हे काय, पहिलं. तो म्हणाला, "हे नाही. बटण दाबल्यावर जे प्रोग्राम आपोआप सुरू होतात ते बंद करायचं पान. जुनं मशीन आलं की आम्ही सगळ्यात आधी तेच करतो. बाकी सगळं त्याच्यानंतर." मी म्हटलं, सून विसरली असेल. तो गेल्यावर मनात आलं, दिवसभर फोनवर लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर सरळ करणारी तू, तू पहिलीच गोष्ट कशी विसरशील? तर ते पान राहिलं असेल तर पाठव.

तुझ्या आईचा फोन आला होता. आम्ही दोघी विहिणी इकडचं तिकडचं बोललो. त्यांची तब्येत बरी आहे.

आणि हो, मला ताप आला होता तेव्हा दुपार व्हायच्या आत तुझा फोन. माझ्या बहिणीकडे राहायला गेले तेव्हाही पहिल्याच दिवशी फोन. मी कुणालाच सांगितलेलं नसतं. तुला कसं कळतं कोण जाणे.

सांभाळून राहा. गरम कपडे घाल.

तुझी
आई


२१ जानेवारी

प्रिय घाईबाई,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तीन ओळी. 'ते पान विसरले नाही. त्याची गरज नाही. तिथे हात लावू नका, आई.' तुझ्या घाईला साजेसं आहे, पण तुझ्या अक्षराला साजेसं नाही. एवढं गिचमिड तू कधी लिहीत नाहीस.

मी बरी आहे. दुकानाने लहान मुलांच्या टोप्यांचे नमुने मागितले आहेत. कान असलेल्या टोप्या. सशाचे जमले, अस्वलाचे कान मात्र अजून कुत्र्यासारखे दिसतात.

तू हात लावू नका म्हणालीस, आणि मी लावला. तुझं पत्र यायच्या आधीच लावला होता, म्हणून तुझा शब्द मोडला असं मी धरत नाही. चष्मेवाल्याने ती यादी कुठे असते ते दाखवून ठेवलं होतं. सकाळी जाऊन उघडली. बटण दाबल्याबरोबर कोण कोण उठून बसतं त्याची यादी. छपाईयंत्र गेलं तरी त्याचा चौकीदार रोज उठत होता. गाण्यांचा प्रोग्राम उठत होता, नकाशांचा कुठला तरी उठत होता. बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येकापुढे लिहिलेलं असतं, हा मशीनला किती जड जातो ते. कुणापुढे कमी, कुणापुढे मध्यम. एकाच्याच पुढे 'जास्त' लिहिलं होतं. तुमचा तो गप्पांचा प्रोग्राम.

बाकीच्यांना मी निजवलं. गप्पांच्या प्रोग्रामवर बाण नेला आणि थांबले. ही दोघांची गोष्ट, आपण मध्ये कशाला, असं वाटलं. मग मंगळवारी सकाळी म्हटलं, बघू तरी काय होतं. त्यालाही बंद केलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. काय सांगू, म्हातारबुवा असे उठले की जणू कुणी हाक मारली. चहाचं आधण ठेवून वळले तर पडदा तयार. पहिल्यांदाच मला त्याच्यासमोर थांबावं लागलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं नाही. ते गोल गोल फिरत असायचं तेव्हा मी तिथे उभी राहून त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे. त्या दिवशी हात ठेवायला वेळच मिळाला नाही.

चहा गाळत होते आणि तुझा फोन आला. "आई, बरं आहे ना?" म्हटलं, बरी आहे. "आज विणकाम नाही?" म्हटलं, आत्ता बसतेच आहे. तू म्हणालीस, "बरं, बरं," आणि श्वास सोडलास. मी ऐकला तो. फोन ठेवला, परत गेले, ती खूण होती तशी केली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. मग तुझा फोन आला नाही.

तुला वाटेल, म्हातारी खडा टाकून बघते आहे. टाकला होता. तो तुला लागेल हे माहीत नव्हतं.

तुझ्या आईचा परत फोन आला. त्यांचं काय म्हणणं आहे ते तुला माहीत आहेच. हे पत्र इथेच थांबवते, टोप्यांचं काम पडलं आहे.

तुझी
आई


२ फेब्रुवारी

प्रिय पोरी,

आज घाईबाई म्हणत नाही. आज सावकाश वाच.

आधी तुझ्या आईचं सांगते. दोन्ही पत्रांत मी ते गिळून टाकलं. तुझ्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांनी तुला लग्नाचं विचारलं आहे, हे त्यांनी मला पहिल्याच फोनवर सांगितलं. माणूस चांगला आहे, तुला हसवतो, तू त्याच्याशी बोलताना घाई करत नाहीस, हेही सांगितलं. आणि म्हणाल्या, "ती नाही म्हणते. कारण विचारलं तर गुळणी धरून बसते. तुमच्यासाठी थांबली आहे का, असं मला वाटतं. तुम्हीच एकदा बोला."

आता मला कसं वाटलं ते ऐक, कारण ते लपवून तुला उपदेश करायचा म्हणजे ढोंग होईल. मला वाईट वाटलं. माझ्या मुलाची बायको दुसऱ्या कुणाबरोबर हसते, हे ऐकवेना. आणि तू नाही म्हणतेस हे ऐकून बरं वाटलं. चांगलं बरं वाटलं. फोन ठेवल्यावर त्या बरं वाटण्याची इतकी लाज वाटली, की दिवसभर सुया हातात घेऊन बसले आणि एक रांग विणली नाही.

तुझे सासरे गेले तेव्हा मी तुझ्याच आसपासच्या वयाची होते. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणाले असते, देव जाणे. पण विचारलंच नाही, याचं कधी कधी वाईट वाटतं, एवढं मात्र खरं. हे मी आजपर्यंत कुणाला बोलले नाही, लेकालाही नाही.

आता त्या प्रोग्रामचं. मंगळवारचा तुझा फोन डोक्यातून जाईना. मग एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यातलं ते इवलंसं चित्र दाबलं. इतके महिने ते तिथे होतं, मला वाटायचं मशीनचंच काहीतरी असेल. चौकट उघडली. वर त्याचं नाव, नावापुढे हिरवा ठिपका. खाली एकटं तुझं नाव, त्यापुढेही हिरवा ठिपका. तुम्हा दोघांशिवाय त्यात आता कुणी राहिलेलंच नाही.

म्हणजे रोज सकाळी मी बटण दाबते, आणि तिकडे तुझ्या पडद्यावर तो येतो.

चहाला साय आली. माझा ताप, बहिणीकडे जाणं, मंगळवार, सगळं एकदम लक्षात आलं. ज्या दिवशी ठिपका लागला नाही त्या दिवशी तुझा फोन. आणि भंगार म्हटल्यावर तुझं ते "नको नको". आणि न लिहिलेलं पान. तुला मशीन वेगात हवं होतं, पण त्याला त्या यादीतून काढायचं नव्हतं. अगं, मग मला सांगायचं होतंस. पण कसं सांगणार होतीस, तेही कळतं. मी असते तर मीही सांगितलं नसतं.

मी तुमचं बोलणं वाचायला नको होतं, हे मान्य. सगळं वाचलं नाही. पण शेवटच्या ओळी समोरच होत्या, डोळे मिटून घेतले तरी दिसल्या असत्या. त्या सकाळच्या. तू ऑफिसात पोचून विचारलंस, 'निघालास का?' त्याने लिहिलं, 'निघालो.' तू लिहिलंस, 'खोटं.'

पोरी, तुला त्या एका शब्दाने किती छळलं असेल याचा मला आत्ता अंदाज येतो आहे. म्हणून हे नीट वाच. मी तिथे होते. त्याने 'निघालो' लिहिलं तेव्हा खरंच एक बूट हातात होता. मी म्हटलं, अरे, कशाला खोटं बोलतोस तिच्याशी. तो हसला आणि म्हणाला, "तिला माहीत असतं, आई. तिने खोटं म्हटलं की मगच मी उठतो." मग दुसरा बूट घातला, पिशवी घेतली आणि गेला. त्या दिवशी मात्र तुझ्या उत्तरासाठी थांबला नाही, पडद्याकडे वळूनही बघितलं नाही. तू 'खोटं' लिहिलंस तेव्हा तो जिन्यात होता, म्हणजे त्या वेळी तो खरोखर निघालेला होता. ते त्याने वाचलं नाही, आणि वाचलं असतं तर त्याला हसूच आलं असतं. त्याला कशानेही वाईट वाटलेलं नव्हतं. हसत गेला तो घराबाहेर. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण त्या दिवसांत कुणी कुणाला काय सांगितलं, काही आठवत नाही.

त्याच्याखाली आणखी एकच ओळ होती. तुझी. तू तिकडे राहायला गेल्यावर मी पहिल्यांदा एकटीने मशीन लावलं, मला वाटतं त्या सकाळची. 'कोण आहे?'

बस, एवढंच. नंतर काही नाही. मी समोर बसून स्वेटरचे चौकोन रंगवत होते, आणि तू तिकडे उत्तराची वाट बघत होतीस. मी असणार हे तुला लगेच कळलं असेल. तू हुशार आहेस. पण विचारण्याआधी एक क्षण तुला काय वाटलं असेल, ते मी मनात आणते आणि मला पुढे लिहवत नाही. आणि त्यानंतर एवढे महिने तू काही विचारलं नाहीस. रोज सकाळी तो ठिपका लागताना बघत राहिलीस. मी संध्याकाळी मशीन बंद केलं की विझताना बघत राहिलीस. असं कुणी रोज रोज विझताना बघावं का गं?

मी चष्मेवाल्याला आडून विचारलं. तो म्हणाला, "त्यात काय काकू, तुमच्या नावाने नवीन खातं काढून देतो, तुमचा ठिपका लागेल." मी नको म्हटलं. मला ठिपका व्हायचं नाही. मी जिवंत आहे, मला आवाज आहे, गुडघा सोडला तर सगळं शाबूत आहे. रोज सकाळी चहा झाला की मी तुला फोन करेन. बोलणं सुचलं नाही तर नाही सुचलं. अस्वलाचे कान कसे झाले ते सांगेन. तू घसा खाकर, मीही खाकरेन.

आणि त्याचा ठिपका मी बंद करणार आहे. तुला विचारत नाही, सांगते आहे. तुला विचारलं तर तुला हो म्हणावं लागेल, आणि मग जन्मभर तुला वाटत राहील की तू त्याला बंद केलंस. तू नाही करायचं. तू ते पानसुद्धा लिहू शकली नाहीस, तुझ्या हाताने ती खूण काय निघणार. मी त्याची आई आहे. त्याला झोपेतून उठवायचं आणि झोपवायचं काम आधी माझं होतं, तुझ्याकडे ते नंतर आलं. ते मी परत घेते आहे.

पत्र तुला गुरुवारपर्यंत पोचेल. शनिवारी सकाळी मी मशीन लावेन, नेहमीच्या वेळी. यादीला त्याआधी हात लावणार नाही, म्हणजे म्हातारबुवा नेहमीसारखे घरघरतील, गोल गोल फिरतील, आणि मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहीन. मग तो येईल. तुला बघायचं असेल तर बघ. काही लिहायचं असेल तर लिही, मी वाचणार नाही, बाहेर जाऊन चहा टाकेन. बघायचं नसेल तर त्या सकाळी कुठेतरी बाहेर जा, त्या गृहस्थांबरोबर गेलीस तरी माझी ना नाही. चहा झाला की मी येऊन ती खूण काढेन. फोटोंचे चेहरे आहेत तसेच राहतील, ते मी चष्मेवाल्याकडून दोनदा तपासून घेतलं आहे.

त्या गृहस्थांना काय उत्तर द्यायचं ते तुझं तू ठरव. हो म्हण असा माझा हट्ट नाही. पण नाही म्हणायचं तर तुला तो माणूस नको म्हणून म्हण. माझ्यासाठी नको, आणि या मशीनसाठी तर नकोच. हो म्हणालीस तर मला त्रास होईल, थोडे दिवस. तो माझा मी बघेन. त्यांचं छातीचं माप मात्र कळव. थंडी सरायच्या आत एक स्वेटर होऊ शकेल, आता मशीन लवकर उठेल.

वॉशिंग मशीनवरची चिठ्ठी मी काढणार नाही. ती माझी आहे.

तू विचारलं होतंस, कोण आहे. उत्तराला फार उशीर झाला. मी होते, पोरी. रोज सकाळी मीच होते.

तुझी
आई